मिन्स्ट्रेल शो

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत कमालीचा लोकप्रिय झालेला विनोदी, संगीतप्रधान रंगमंचीय प्रकार. यात गोरे नट चेहरा काळा रंगवून कृष्णवर्णीयांची नक्कल करीत. या रंगभूषेला ‘ब्लॅकफेस’ म्हणतात. बाटलीची बुचे जाळून त्यांची पूड पाण्यात कालवायची आणि तोंडाला, मानेला फासायची. ओठ मात्र लाल किंवा पांढऱ्या रंगाने मोठे, बेढब दाखवायचे, अशी तिची रीत होती.

टॉमस डी. राइस या नटाने 1830 च्या सुमारास ‘जंप जिम क्रो’ हे नाचगाणे गाजवले. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वंशभेदाच्या कायद्यांना यातल्या ‘जिम क्रो’ या पात्राचेच नाव पडले. 1843 मध्ये न्यूयॉर्कला ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या चौघांनी फिडल, बँजो, खंजिरी आणि हाडांच्या चिपळ्या घेऊन पूर्ण कार्यक्रम उभा केला. लवकरच त्याचा साचा ठरून गेला. कलावंत अर्धवर्तुळात बसत. मधोमध ऐटबाज इंग्रजी बोलणारा सूत्रधार, दोन्ही टोकांना ‘टॅम्बो’ आणि ‘बोन्स’ हे विदूषक. त्यांच्या सवाल-जवाबानंतर फुटकळ करमणूक होई. मोठमोठे शब्द चुकीचे वापरणाऱ्या वक्त्याचे भाषण हा तिचा हुकमी भाग. शेवटी गुलाम राबत त्या दक्षिणेतल्या मळ्यावरचे प्रहसन. त्यात गुलाम आळशी, भित्रा आणि मालकाकडे सुखी असा रंगवला जाई. हे खेळ सर्वाधिक चालले ते उत्तरेतल्या शहरांत. तिथल्या बहुतेक प्रेक्षकांनी मळा कधी पाहिलेला नसे, त्यामुळे रंगमंचावरचे चित्रच त्यांना खरे वाटे. सर्वांत मोठी हानी इथे झाली. शिवाय बँजो हे मुळात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचे वाद्य. त्यांचेच संगीत त्यांच्या टवाळीसाठी वापरले गेले. गुलामगिरीतून निसटलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांनी 1848 मध्येच या नटांवर कातडीचा रंग चोरून पैसा करणारे म्हणून कोरडे ओढले होते.

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर (1861–65) कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या मंडळ्या निघाल्या. रंगमंचावर पाऊल ठेवायला दुसरी वाट जवळपास नव्हतीच, म्हणून त्यांतल्या अनेकांनीही तोंडाला काळे लावले. बर्ट विल्यम्स हा असामान्य कृष्णवर्णीय विनोदी नट 1910 मध्ये ब्रॉडवेवरच्या (न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांच्या भागातल्या) ‘झिगफेल्ड फॉलीज’ या नाचगाण्यांच्या खेळामध्ये गोऱ्यांच्या बरोबरीने उभा राहिला, तोही याच रंगात.

भारतातही हा प्रकार पोहोचला. डेव्ह कार्सन या मिन्स्ट्रेल नटाने मुंबई-कलकत्त्यात असे खेळ केले आणि बंगाली बाबूची थट्टा त्यांत घातली. कलकत्त्याचे नट अर्धेंदुशेखर मुस्तफी यांनी साहेबाचीच नक्कल करून त्याला रंगमंचावरून उत्तर दिले.

विसाव्या शतकात या मंडळ्या ओसरल्या, पण पात्रे नव्या माध्यमांत शिरली. ‘द जॅझ सिंगर’ (1927) या बोलपटात गोरा गायक-नट अल जॉल्सन ब्लॅकफेसमध्ये गातो. ‘एमॉस अँड अँडी’ (1928 पासून) या रेडिओ मालिकेत दोन गोरे नट कृष्णवर्णीयांचे आवाज काढत. बीबीसीवरचा ‘ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ 1978 पर्यंत चालला. मिन्स्ट्रेल गाण्यावरून 1889 मध्ये नाव घेतलेला ‘आँट जेमायमा’ हा पॅनकेक पिठाचा छाप 2021 मध्ये बदलण्यात आला.