जलमग्न वाहनातील सुरक्षा

मोटारगाडी नदी, कालवा, तलाव किंवा पुराच्या पाण्यात गेल्यास आतील माणसांना जिवंत बाहेर पडता यावे, यासाठी वाहनाच्या रचनेत आणि वापरात केलेले उपाय. रस्त्यावरील धडकेच्या मानाने हा प्रकार विरळा, म्हणून रचनाकारांचे त्याकडे लक्ष उशिराच गेले.

काचा बंद असलेली गाडी पाण्यात पडताच बुडत नाही. साधारण अर्धा ते दोन मिनिटे तरंगते. इंजिन पुढे असल्यास नाक आधी खाली जाते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी माणसे बसवलेल्या गाड्या पाण्यात सोडून चाचण्या केल्या. पहिल्या मिनिटातच खिडकीवाटे बाहेर पडावे, हा त्यांचा सल्ला : सीटबेल्ट सोडायचा, काच खाली करायची, मुलांना आधी काढायचे. फोन लावत बसायचे नाही.

दाराचा भरवसा धरता येत नाही. १ मीटर रुंद दाराबाहेर अर्धा मीटर पाणी चढले, आत अजून शिरले नसले, तर दारावर सुमारे १२५ किलो भार येतो. पाणी १ मीटर झाले की तो ५०० किलो होतो. गाडी पूर्ण भरल्यावर दाब सारखा होऊन दार उघडते, हे भौतिकशास्त्राला धरून आहे. मात्र तोवर अंधारात, बहुधा कलंडलेल्या गाडीत, श्वास रोखून थांबावे लागते! पॉवर विंडो भिजताक्षणी बंद पडतेच असे नाही. पण पाणी काचेपर्यंत चढले की दाबाने काच अडकते.

खरा पेच काचेचा आहे. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच टोकदार आघाताने भुगा होते. लॅमिनेटेड काचेच्या दोन थरांमधील प्लास्टिकचा पडदा मात्र तडे गेल्यावरही तिला धरून ठेवतो. अपघातात माणूस बाहेर फेकला जाऊ नये आणि आवाज कमी यावा, म्हणून ही काच आता बाजूच्या खिडक्यांनाही बसवतात. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१९ मध्ये काच फोडण्याची ६ साधने तपासली. त्यांपैकी ४ साधनांनी टफन्ड काच फोडली, लॅमिनेटेड एकानेही नाही. हातोडी पाण्याखाली नीट फिरत नाही. काचेवर दाबताच टोक आदळणारे स्प्रिंगचे साधन त्या मानाने बरे. सीटचे हेडरेस्ट निघते ते काच फोडण्यासाठी, ही निव्वळ दंतकथा आहे. आपल्या गाडीची कोणती काच कोणत्या प्रकारची, हे बहुधा काचेच्या कोपऱ्यात छापलेले असते.

विजेवर चालणाऱ्या दारांच्या कड्यांनी नवी अडचण आणली : वीज गेल्यावर उघडण्याचा यांत्रिक खटका काही गाड्यांत सहज सापडत नाही. गाड्यांची सुरक्षा तपासणारी युरोपातील युरो एनकॅप ही संस्था २०२३ पासून बुडालेल्या गाडीची दारे आणि काचा उघडतात का, हेही पाहते. विद्युत गाडीमुळे भोवतालच्या पाण्यात वीज उतरेल ही भीती मात्र फारशी खरी नाही, कारण बॅटरीचे उच्च दाबाचे मंडल गाडीच्या सांगाड्यापासून अलग असते. खाऱ्या पाण्यात बुडालेली बॅटरी नंतर पेटू शकते, हा धोका वेगळा.

गाडी वाहून जायला खोल डोह लागत नाही. सुमारे ३० सेंटिमीटर वाहते पाणी लहान गाडी उचलू शकते. ६० सेंटिमीटरमध्ये मोठ्या गाड्याही तग धरत नाहीत.