'खरी संमती' म्हणजे नक्की कोणती?

ऑपरेशनच्या आदल्या रात्री नर्स कागद पुढे करते, 'इथे, इथे आणि मागच्या पानावर' असं म्हणते. सही बहुतेक वेळा मुलाची, नाहीतर नवऱ्याची असते. ज्याचं पोट फाडायचं तो शेजारीच पडून असतो, शुद्धीत. या कागदाची कायद्यातली किंमत आपल्याकडे नीट तपासली गेली ती थेट २००८ मध्ये.

डॉक्टरांच्या जबाबदारीवरचे निकाल त्याआधीही होते. नेहमी दाखला दिला जातो तो कोकणातला आहे. १९५३ साली पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्याला नेलं, तिथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं गेलं आणि तो दगावला. ३,००० रुपयांची भरपाई १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. पण तिथे प्रश्न हयगयीचा होता, संमतीचा नव्हता. पुढे १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली आणि तक्रारींना दार उघडलं.

त्याच वर्षी दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री पाळीच्या त्रासासाठी दवाखान्यात गेली. दुर्बिणीतून तपासणी करायची म्हणून तिला पूर्ण भूल दिली. ती टेबलावर असताना सहायक डॉक्टर बाहेर आल्या, बाकावर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, बीजकोश, नलिका सगळं काढलं. शुद्धीवर आल्यावर लेकीला कळलं. ग्राहक आयोगाने तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र जानेवारी २००८ मध्ये ठरवलं की जिवाला तातडीचा धोका नसताना आईची सही चालत नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे. डॉक्टरांची फी नाकारली, भरपाई दिली २५,००० रुपये. रक्कम वाचून हसावं की रडावं कळत नाही.

खरा गुंता मात्र शब्दाचा आहे. 'इन्फॉर्म्ड कन्सेंट', म्हणजे पूर्ण माहिती देऊन घेतलेली संमती, हे अमेरिकेतून आलं. १९७२ च्या तिथल्या निकालाने म्हटलं, रुग्णाला निर्णय घ्यायला जे महत्त्वाचं वाटेल ते सांगा. ब्रिटनमध्ये १९५७ पासून बोलम कसोटी होती: जबाबदार डॉक्टरांचा एखादा गट जेवढं सांगतो तेवढं सांगितलं की पुरे. आपल्या न्यायालयाने अमेरिकी वाट सोडून ब्रिटिश वाट धरली आणि तिला 'रिअल कन्सेंट', खरी संमती, म्हटलं. उपचार, फायदे, पर्याय, मोठे धोके सांगा, दूरचे किंवा क्वचितचे धोके सांगायची गरज नाही. कारण दिलं ते असं: इथले बहुसंख्य रुग्ण गरीब, अशिक्षित, डॉक्टरांवर भरवसा ठेवणारे, त्यांना हवा कमी खर्चातला उपचार. युक्तिवाद दयेचा वाटतो. पण अर्थ असा निघतो की रुग्ण जितका गरीब, तितकं त्याला कमी सांगून भागतं. संमती 'खरी' आणि माहिती अर्धी, हे गणित मला अजून जुळलेलं नाही.

गंमत पुढेच आहे. ज्यांच्याकडून कसोटी घेतली, त्यांनीच २०१५ मध्ये ती या बाबतीत सोडली. स्कॉटलंडमधल्या एका मधुमेही, ठेंगण्या बाईच्या बाळंतपणात बाळाचे खांदे अडकण्याचा धोका नऊ-दहा टक्के होता. सांगितलं तर ती सिझेरियन मागेल, म्हणून डॉक्टरांनी सांगितलाच नाही. बाळाला कायमचं अपंगत्व आलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने धोक्याचं महत्त्व रुग्णाच्या नजरेने मोजायचं ठरवलं. आपल्याकडे २००८ चाच निकाल आजही पुढे ठेवला जातो.

नियमांचं पानही मजेशीर आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ चा नियम लेखी संमती कोणाची घ्यावी ते सांगतो: आधी नवरा किंवा बायको, मग अल्पवयीन रुग्णाचे आईवडील वा पालक, आणि शेवटी 'किंवा रुग्ण स्वतः'. वास्तविक गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्याला सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, तरी ती मागितली जातेच. ऑगस्ट २०२३ मध्ये नवी आचारसंहिता आली आणि त्याच महिन्यात स्थगित झाली. त्यामुळे नवऱ्यापासून सुरू होणारी ती यादी अजून चालू आहे.