फळमाशीचा गंधसापळा

आंबा, पेरू, चिकू यांच्या बागांत फळमाशीचे नर वासाच्या आमिषाने पकडण्याचे साधन. आमिष असते मिथिल युजेनॉल. हे द्रव्य तुळशीच्या तेलात सापडते, सिट्रोनेला तेलातही सापडते.

सुगंधी तेलाने कीटक पळतात, हा समज इथे उलटा पडतो. बिहारमधील पुसा येथे कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. हॉवलेट काम करत असताना त्यांच्या शेजाऱ्याने डास येऊ नयेत म्हणून रुमालाला सिट्रोनेला तेल लावले. डासांचे काय झाले ते असो, रुमालावर फळमाशांची झुंबड उडाली. सगळे नर! हॉवलेट यांनी १९१२ मध्ये हे प्रसिद्ध केले आणि पुढे मिथिल युजेनॉलचा छडा लावला.

नर हे द्रव्य नुसते हुंगत नाही, चाटून पोटात घेतो. त्यापासून शरीरात बनलेली संयुगे मलाशयाच्या ग्रंथीत साठतात आणि तिन्हीसांजेला मादीला बोलावताना तो ती हवेत सोडतो. असा नर माद्यांना अधिक पसंत पडतो. बाजारात सापळ्याला सर्रास ‘कामगंध सापळा’ म्हणतात. कामगंध म्हणजे जोडीदाराला बोलावण्यासाठी कीटकाने सोडलेला वास, पण सापळ्याच्या आतला वास झाडाचा. नराच्या कामगंधाचा कच्चा माल म्हणा हवे तर.

प्लास्टिकच्या डब्यात मिथिल युजेनॉल व कीटकनाशकात भिजवलेला प्लायवूडचा ठोकळा टांगतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा हापूसच्या बागायतदारांना परिचित आहे. काही शेतकरी नुसता तुळशीचा ठेचलेला पालाही वापरतात.

डबा मेलेल्या माशांनी भरला की बरे वाटते, पण त्यांतली एकही फळाला डंख करणारी नसते. सालीखाली अंडी घालते ती मादी, आणि ती या वासाकडे फिरकत नाही. नर संपले तर मीलन थांबते, एवढाच यातला हिशेब. म्हणून एकट्यादुकट्या बागेत त्याचा उपयोग बेताचाच. शेजारच्या बागेतून मीलन झालेली मादी उडून येतेच. प्रशांत महासागरातील रोटा या लहानशा बेटावर मात्र १९६०च्या दशकात याच पद्धतीने फळमाशी समूळ नाहीशी केली गेली. बागेत सापळ्याच्या जोडीला गळलेली फळे वेचून नष्ट करावी लागतात, कारण अळ्या फळातून उड्या मारत बाहेर पडतात आणि मातीत कोष करतात. २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंबा रोखला, तो या अळ्यांच्याच धास्तीने.

काकडी, कारली, दोडक्यावरची फळमाशी मिथिल युजेनॉलला भुलत नाही. तिच्यासाठी क्यू-ल्यूर हे वेगळे आमिष लागते.