रविवारचा पाठ ठरवतो कोण? ल्यूथरन उपदेशाच्या वार्षिक यादीची पार्श्वभूमी

मराठवाड्यात मृगाच्या पेरणीची लगबग सुरू असते, साधारण त्याच सुमारास जुन्या ल्यूथरन यादीत, म्हणजे मार्टिन ल्यूथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथात कोणत्या रविवारी बायबलचा कोणता उतारा वाचून त्यावर उपदेश करायचा हे ठरवणाऱ्या क्रमात, त्रैक्य रविवारानंतरचा (ईस्टरनंतरच्या आठव्या रविवारानंतरचा) पहिला रविवार येतो. २०२६ मध्ये तो ७ जूनला आहे. त्या दिवसाचे शुभवर्तमान ठरलेले असते: लूक १६:१९-३१, श्रीमंत माणूस आणि लाजर. जर्मन संगीतकार बाखने लाइपझिगच्या नव्या नोकरीत ३० मे १७२३ रोजी पहिली कॅन्टाटा (उपासनेत गायची संगीतरचना) सादर केली, ती याच रविवारची आणि याच पाठावरची. इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातही त्या रविवारी हाच उतारा आहे. औरंगाबादला चर्च मिशनरी सोसायटीचे काम रतनजी नवरोजी यांच्यासारख्यांनी उभे केले आणि ती मंडळी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, होती. त्यामुळे ल्यूथरचे नावही न घेता ल्यूथरन क्रमातले बहुतेक पाठ इकडे मराठीत पोचले.

हा योगायोग नाही. यादी या दोन्ही पंथांपेक्षा जुनी आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या सांगण्यावरून पॉल द डीकन या भिक्षूने वर्षभराच्या रविवारांसाठी प्राचीन आचार्यांच्या प्रवचनांचा संग्रह केला, आणि कोणत्या रविवारी कोणता पाठ हे पश्चिमेत बऱ्याच अंशी स्थिरावले. उत्तर युरोप आणि इंग्लंड उन्हाळ्यातले रविवार त्रैक्य रविवारापासून मोजत, तर १५७० च्या रोमन मिसलने (कॅथलिक उपासनाग्रंथाने) ते त्याच्या आदल्या रविवारपासून, म्हणजे पेंटेकॉस्टपासून, मोजले. पाठांची सांगडही वेगळी बसली. ‘तुमचा पिता दयाळू आहे तसे तुम्ही दयाळू व्हा’ हा लूक ६ मधला पाठ रोमन क्रमात पेंटेकॉस्टनंतर पहिला, ल्यूथरन व अँग्लिकन क्रमात त्रैक्यानंतर चौथा. जुनी पुस्तके हाताळताना हा फरक ध्यानात ठेवला नाही, तर भलत्याच रविवारचा उपदेश हाती लागतो.

ल्यूथरला ही यादी मनापासून पटलेली नव्हती. नव्या करारातल्या पत्रांमधले उतारे निवडणाऱ्याला विश्वासापेक्षा सत्कर्मांचेच जास्त अगत्य होते, अशी त्याची १५२३ ची तक्रार आहे. तरीही यादी त्याने मोडली नाही. मातृभाषेतल्या उपदेशाने उणीव भरून निघेल, असा त्याचा हिशेब होता. १५२६ च्या जर्मन उपासनाविधीत त्याने खरे कारण उघड सांगितले: चांगले उपदेशक थोडे आहेत, आणि मोकळीक दिली तर जो तो मनाला येईल ते सांगेल, शुभवर्तमान बाजूला पडून पुन्हा ‘निळ्या बदकांवर’, म्हणजे भलत्यासलत्या विषयांवर, उपदेश सुरू होतील. इथे यादीचे काम लगाम घालण्याचे आहे. कीर्तनकार निरूपणाला अभंग स्वतः निवडतो. इथे निवडच काढून घेतली आहे, आणि आवडीचा विषय घोळवण्याची खोड असलेल्या उपदेशकाला नेमके तेच औषध लागते.

त्याच विधीत आठवडाभराची वाटणी आहे. रविवारी पहाटे पत्र, मुख्य उपासनेत शुभवर्तमान, दुपारी जुना करार. सोमवार-मंगळवार प्रश्नोत्तरी, म्हणजे दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना वगैरे. बुधवारी मत्तय, गुरुवार-शुक्रवार पत्रे, शनिवारी दुपारी योहान. म्हणजे रविवारचे शुभवर्तमान तुकड्यातुकड्यांनी, पण आठवड्यात अख्खी पुस्तके सलग. पुढे बहुतेक ठिकाणी आठवड्यातल्या उपासना आटल्या आणि मागे राहिले ते फक्त तुकडे. यादीला नावे ठेवणारे ही गोष्ट सहसा विसरतात.

ज्यांना उपदेश रचता येत नाही त्यांनी छापील उपदेश वाचून दाखवावा, यासाठी पोस्टिल नावाचे संग्रह निघाले. वार्टबुर्गच्या गढीत लपून राहिलेल्या ल्यूथरने लिहिलेला नाताळचा भाग १५२२ मध्ये छापला गेला. उन्हाळ्याचा भाग स्टेफान रोथने इकडून तिकडून जमवून पुरा केला. ते काम ल्यूथरला इतके खटकले, की तो भाग त्याचा सहकारी क्रूसिगर याने नव्याने सिद्ध केला. तो १५४४ चा.

सतराव्या शतकात उपदेशाचा साचा पक्का झाला. आधी प्रस्तावना, मग पाठ, मग त्यातला एक मुद्दा, मग स्पष्टीकरण, आणि शेवटी पाच ‘उपयोग’: शिकवण, खोट्या मताचे खंडन, दोषसुधारणा, नीतिशिक्षण, सांत्वन. पहिले चार २ तीमथ्य ३:१६ वरून, पाचवा रोमकरांस १५:४ वरून. पाचही उपयोग दर रविवारी उरकायचे म्हटले की उपदेश तास गाठणारच. उपदेशपीठावर वाळूचे घड्याळ उगाच ठेवत नसत! या साच्याच्या मुळाशी नियमशास्त्र (देव काय मागतो) आणि सुवार्ता (देव काय देतो) हा भेद आहे. लाजराच्या पाठात श्रीमंताच्या दाराशी पडलेला माणूस दाखवून ऐकणाऱ्याला दोषी ठरवायचे, हे नियमशास्त्राचे काम. पण तिथेच थांबलो तर ‘दानधर्म करा’ एवढेच सांगून उपदेश संपतो. त्या दिवसाचे पत्र, १ योहान ४, ‘पहिल्याने त्याने आपणावर प्रीती केली’ हे म्हणते, आणि सुवार्ता तिथून उचलायची असते. दोन्ही पाठ एकत्र वाचायचे ते यासाठीच.

अडचणी मात्र खऱ्या होत्या. एक कात्रीची: त्रैक्यानंतरच्या नवव्या रविवारी अन्यायी कारभाऱ्याचा दाखला लूक १६:९ ला तुटतो. ‘जो थोडक्याविषयी विश्वासू’ हे पुढचेच वचन, पण ते बाहेर. नुसत्या कापलेल्या पाठावर बोलणारा उपदेशक लबाडीचे समर्थन करत बसतो. मागची-पुढची दहा-दहा वचने वाचल्याशिवाय लेखणी उचलू नये. दुसरी दहाव्या रविवारची: येशू यरुशलेमेसाठी रडला हा पाठ, आणि त्याला जोडून नगराच्या विध्वंसाची हकिकत वाचण्याची प्रथा. त्यातून पिढ्यान्‌पिढ्या यहुद्यांविरुद्ध बोलले गेले. जर्मनीत आज त्या रविवारची मांडणी मुद्दाम बदललेली आहे.

तिसरी अडचण पंचांगाची. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये सरकतो, त्यामुळे त्रैक्यानंतरचे रविवार २२ ते २७ होतात. सत्ताविसावा रविवार ईस्टर २६ मार्चला किंवा त्याआधी आला तरच. या सत्ताविसाव्या रविवारच्या, दहा कुमारींच्या पाठावरची बाखची प्रसिद्ध कॅन्टाटा १७३१ ची आहे, कारण त्या वर्षी ईस्टर २५ मार्चला होता. २०२६ मध्ये असे रविवार २५ आहेत, २०२७ मध्ये २६.

आणि ऋतू युरोपचा. पेरणाऱ्याचा दाखला, लूक ८:४-१५, ईस्टरच्या आठ आठवडे आधी येतो. २०२६ मध्ये ८ फेब्रुवारीला. तिकडे पेरणी तोंडावर असते. आपल्याकडे तेव्हा रब्बी ज्वारी काढणीला आलेली. ‘शेतात जाऊन बघा’ असे सांगायचे तर बी दिसणार नाही, कणसे दिसतील. म्हणून सुरुवात दाखल्याच्या शेवटापासून, शंभरपट पिकापासून करणे इथे सोपे जाते.

जालन्याची गोष्ट वेगळी. तिथली फ्री चर्च मिशन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, आणि नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली ती याच परंपरेत. तिचे मूळ झ्युरिकमध्ये आहे: १ जानेवारी १५१९ रोजी तिथल्या झ्विंग्ली या धर्मसुधारकाने नेमलेले पाठ बाजूला ठेवून मत्तय पहिल्या अध्यायापासून सलग सांगायला घेतला. स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांनी तर सणवारांची यादीच टाकून दिली होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल असे दोन्ही वळणांचे लोक एका छताखाली आले. यादीला चिकटणारे आणि पुस्तक सलग घेणारे पाळक आजही शेजारीशेजारी सापडतात, ते यामुळे.

जर्मन ल्यूथरनांनी एकवार्षिक सांगाडा ठेवूनच दुरुस्ती केली. उपदेशासाठी सहा वर्षांच्या सहा मालिका. २०१८ च्या आगमनकाळापासूनच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळापासूनच्या) नव्या क्रमात जुन्या कराराचा वाटा सुमारे पाचव्या हिश्शावरून तिसऱ्या हिश्शावर गेला. अमेरिकेतल्या ल्यूथरनांनी १९७३ मध्ये कॅथलिकांची १९६९ ची त्रैवार्षिक यादी आपल्या गरजेप्रमाणे घडवून घेतली आणि १९९२ मध्ये तिचे सामाईक रूप आले: अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक. तीनने भाग जाणारे साल क, म्हणजे २०२५ क, २०२६ अ, २०२७ ब.

ब वर्षाची एक खोच माहीत असावी. मार्क आखूड, म्हणून उन्हाळ्याच्या उत्तरार्धात सलग पाच रविवार योहान ६ येतो. २०२७ मध्ये २५ जुलै ते २२ ऑगस्ट पाच आठवडे ‘जीवनाची भाकर’. तिसऱ्या रविवारपर्यंत उपदेशकाचे सांगून संपते आणि मंडळी घड्याळ बघू लागते. त्याच पाच रविवारी इफिसकरांस पत्राचा अध्याय ३ ते ६ हा भाग ओळीने वाचायला असतो. दोन रविवार योहानाला, तीन इफिसला दिले, तर यादीही मोडत नाही आणि पाचवा उपदेश पहिल्याची नक्कलही होत नाही.