पावसात नेट जातं, ते उपग्रहामुळे नाही

‘ढग आले की उपग्रहाचा सिग्नल अडतो, म्हणून नेट जातं’ हा समज खान्देशात पावसाळा लागला की हमखास फिरतो. डीटीएचचं चित्र मुसळधार पावसात खरंच अडकतं, त्यामुळे तो पटतोही.

पण देशाबाहेरचा जवळपास सगळा डेटा समुद्राखालच्या केबलांतून येतो. त्यांतल्या बऱ्याच मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. पुढे जळगाव-धुळ्यापर्यंत जमिनीतली फायबर.

घरीच तपासा. स्पीड टेस्टमध्ये ‘पिंग’चा आकडा बघा, म्हणजे विनंती जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंच असतात. विनंती वर जाऊन खाली येणार, उत्तरही तसंच. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा जवळपास 480 मिलिसेकंद लागतात. तुमचा आकडा 20-50 असेल, तर वाट जमिनीवरचीच आहे. (कमी उंचीवरच्या उपग्रहांचं नेट असतं, पण त्याला वेगळी डिश लागते.)

मग पावसात बंद का पडतं? वीज जाते, खांबावरची वायर तुटते, जोडात पाणी शिरतं. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. म्हणून ढगांवर सोडून देऊ नका, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. गावात दुसरा केबलवाला असेल तर त्याच्याकडे बॅटरी बॅकअप आहे का, तेही विचारा.