हम्फ्री बोगार्ट: दुय्यम गुंडापासून दंतकथेपर्यंत

हॉलिवूडचा नट हम्फ्री बोगार्टचे सिनेमे ओळीने पाहायला बसलं की एक गोष्ट खटकते: 1930च्या दशकात हा माणूस सारखा मरतो. वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या गुन्हेगारीपटांत मोठ्या भूमिका जेम्स कॅग्नी आणि एडवर्ड जी. रॉबिन्सनच्या, बोगार्ट हा दुय्यम गुंड, शेवटच्या रिळात गोळी खाणारा. मुळात तो न्यूयॉर्कच्या सुखवस्तू डॉक्टरचा मुलगा, आई नावाजलेली चित्रकार. 'द पेट्रिफाइड फॉरेस्ट' नाटकातला फरारी दरोडेखोर त्याने रंगमंचावर गाजवला होता, तरी 1936च्या चित्रपटात स्टुडिओला रॉबिन्सनच हवा होता. नायक लेस्ली हॉवर्ड अडून बसला, म्हणून बोगार्टला ती भूमिका मिळाली. पुढे बोगार्टने मुलीचं नाव लेस्ली ठेवलं.

नशीब फिरलं 1941 साली, तेही दुसऱ्याच्या नकारांमुळे. नट जॉर्ज राफ्टने 'हाय सिएरा' नाकारला. मग 'द मॉल्टीज फाल्कन'ही नाकारला, कारण जॉन ह्यूस्टनचं दिग्दर्शनातलं ते पहिलंच काम होतं. 'फाल्कन' ज्या कादंबरीवर बेतला होता, तिच्यावर वॉर्नरने आधीच दोन सिनेमे काढले होते. आज ते अभ्यासकच पाहतात.

'फाल्कन'मध्ये गुप्तहेर सॅम स्पेड प्रतिस्पर्ध्याच्या खोलीत आरडाओरडा करतो, दम भरतो आणि तणतणत बाहेर पडतो. बाहेर आल्यावर त्याचं लक्ष स्वतःच्या हाताकडे जातं. हात थरथरतोय. त्याला हसू येतं. दरारा हा निम्मा अभिनय असतो, हे त्या काही सेकंदांत कळतं. माझ्या मते बोगार्ट इतरांहून वेगळा ठरतो तो इथेच. पुढचा 'कॅसाब्लांका'चा रिक किंवा 'द बिग स्लीप'चा मार्लो याच मुशीतले. ऑस्कर मात्र मिळालं 'द आफ्रिकन क्वीन'मधल्या दारुड्या बोटवाल्यासाठी.

14 जानेवारी 1957 रोजी तो कर्करोगाने गेला, वय 57. खरी दंतकथा त्यानंतर वाढली, आणि तिला एक व्यवहारही कारण होता. 1956 मध्ये वॉर्नरने 1950पूर्वीच्या आपल्या चित्रपटांचा साठा 2 कोटी 10 लाख डॉलरला विकला. घेणाऱ्या कंपनीने ते टीव्ही केंद्रांना पुरवले आणि रात्री उशिरा हे सिनेमे घराघरांत दिसू लागले. हार्वर्डशेजारच्या ब्रॅटल थिएटरने 1957 साली 'कॅसाब्लांका' लावला, आणि परीक्षेच्या दिवसांत बोगार्टचे सिनेमे पाहायचा तिथे रिवाजच पडला. पोरं पडद्याबरोबर संवाद म्हणायची. थिएटरच्या इमारतीतल्या बारचं नावही 'कॅसाब्लांका' होतं. पॅरिसमध्ये दिग्दर्शक गोदारच्या 1960च्या पहिल्या चित्रपटात नट बेलमॉन्दो बोगार्टच्या पोस्टरपुढे उभा राहून ओठावरून अंगठा फिरवतो, तोही याच काळातला.

1999 साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने जुन्या हॉलिवूडमधले 25 थोर नट निवडले, त्यात बोगार्ट पहिला. कॅग्नी आणि रॉबिन्सनही त्या यादीत आहेत, राफ्ट नाही.