सहा आणे म्हणजे सदतीस नवे पैसे: स्वतंत्र भारताच्या चलनाची पार्श्वभूमी

बऱ्हाणपूरच्या मोगल टांकसाळीचा रुपया, होळकरांचा चांदोरी रुपया, मग १८३५ नंतर कंपनी सरकारचा सगळीकडे एकाच वजनाचा कलदार. खानदेशच्या बाजारात चलन असं राज्यकर्त्यांबरोबर बदलत आलं. १९४७ साली मात्र राज्यकर्ते बदलले आणि नाणं तेच राहिलं. पुढची तीन वर्षं ब्रिटनच्या राजाच्या चेहऱ्याचीच नाणी चालली.

याला दिरंगाई म्हणणं अन्यायाचं होईल. फाळणीनंतर काही महिने दोन्ही देशांचं चलन एकच होतं. भारताची मध्यवर्ती बँकच ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचंही काम पाहत होती. तिकडच्या नोटाही आपल्या शेजारी नाशिकला छापल्या जात होत्या, भारताच्याच नोटांवर पाकिस्तान सरकारचं नाव उमटवून.

देशाच्या आतही एकच चलन नव्हतं. चाळीसगावहून औट्रम घाट चढून कन्नडला गेलं की निजामाचं राज्य आणि त्याचा हाली सिक्का. सहा कलदार म्हणजे सात हाली, हा तिथला हिशेब. हैदराबाद सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात आलं, पण हाली रुपया कायदेशीर चलनातून पुरता गेला तो १९५९ मध्ये.

१९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. गांधीजींचं चित्र घ्यावं असाही विचार झाला होता, पण शेवटी स्तंभावर एकमत झालं. १५ ऑगस्ट १९५० पासून नाणीही बदलली: रुपयावर धान्याची कणसं, आण्यावर बैल, पैशावर घोडा. हिशेब मात्र जुनाच होता. बारा पै किंवा चार पैसे म्हणजे आणा, सोळा आणे म्हणजे रुपया.

तो हिशेब बदलला १ एप्रिल १९५७ ला, आणि सामान्य माणसाच्या खिशाला हात लागला तो तेव्हा. रुपयाचे शंभर भाग करायचं विधेयक १९४६ मध्येही आलं होतं, पण ते बारगळलं. १९५५ मध्ये कायदा झाला. खरा पेच होता तो कायम काय ठेवायचं याचा. जुना पैसा तसाच ठेवून शंभर पैशांचं नवं मोठं नाणं केलं असतं, तर ते जुन्या एक रुपया नऊ आण्यांइतकं झालं असतं. मग देशातली सगळी कर्जं, पगार, सारा, भाडी नव्याने मांडावी लागली असती. म्हणून रुपया कायम ठेवला आणि पैसा बदलला: रुपयाचा शंभरावा भाग तो ‘नवा पैसा’. हा निर्णय बरोबरच होता असं मला वाटतं. पण त्याचा भार कोणावर पडला, हे फारसं सांगितलं जात नाही.

अधेली आणि पावली सुटल्या. आठ आणे म्हणजे नेमके पन्नास, चार आणे म्हणजे नेमके पंचवीस. त्याखाली काहीच नेमकं बसेना. आणा म्हणजे सव्वासहा, चवली म्हणजे दोन आणे, म्हणजे साडेबारा, जुना पैसा म्हणजे दीडाहून थोडा जास्त. नियम असा होता की अपूर्णांक अर्धा किंवा त्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा, अर्ध्याहून जास्त असेल तर पूर्ण धरायचा. म्हणजे आण्याचे सहा, सहा आण्यांचे सदतीस आणि एका पैशाचे दोन. रावेरच्या केळीचा किंवा धुळ्याच्या कापसाचा सौदा रुपयांत होत असे, त्याला धक्का लागला नाही. आठवडे बाजारात एका पैशाची कोथिंबीर घेणारीचं काय? दुकानदाराने जुन्या-नव्या पैशांचा तक्ता दाखवून दोन नवे पैसे मागितले, तर तो नियमातच होता. अशी चौसष्ट वेळा खरेदी केली की रुपयाच्या मालाला एक रुपया अठ्ठावीस नवे पैसे पडत. उलट आणेलीची, म्हणजे एक आण्याच्या नाण्याची, मोड घेतली तर हातात सहाच येत, आणि चार आणेल्या चार वेळा मोडल्या तर पंचविसाऐवजी चोवीस. दोन्हीकडून तोटा होता तो थोडं थोडं खरेदी करणाऱ्याचा, म्हणजे रोजंदारीवर जगणाऱ्याचा.

सरकारनेही हा नियम सगळीकडे सारखा पाळलेला दिसत नाही. चवलीचे नियमाने बारा नवे पैसे होतात. त्या वर्षी निघालेल्या भारताच्या नकाशाच्या टपाल तिकिटांत मात्र बाराचं तिकीट नाही, तेराचं आहे.

हे अंगवळणी पडण्याआधीच वजनं बदलली. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, आणि ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली. भाव शेराचा की किलोचा, पैसा जुना की नवा, असे चार हिशेब एकाच तराजूपुढे उभे राहिले. तोवर व्यापाऱ्याच्या वहीत पावलीला उभी रेघ आणि आण्याला आडवी रेघ असे. शाळेत पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे, घोकून घेत ते याच हिशेबासाठी. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही तोंडी आणे-पै जुळवता येत, आणि फसवणूक तिथल्या तिथे कळे. दशमान पद्धत शिकायला सोपी आहे हे खरंच, पण ती पाठ होईपर्यंत त्याला दुकानदाराच्या शब्दावर चालावं लागलं.

१ जून १९६४ पासून ‘नवा’ हा शब्द वगळला गेला आणि उरला नुसता पैसा. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली.